पहिली-दुसरीचं वाचन तपासायला येणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
पहिली-दुसरीच्या मुलांचं वाचन तपासायला वर्गात येणारे केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी, विषयतज्ज्ञ आणि अधिव्याख्याते, तसंच तपासणीचे तक्ते आखणारे व त्या तक्त्यांवरून आमची प्रशिक्षणं ठरवणारे सर्व जण यांस,

सप्रेम नमस्कार.

मी पुण्याच्या एका उपनगरातल्या मराठी शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. शाळेचं नाव लिहीत नाही. हे गाऱ्हाणं कुणा एका शाळेचं किंवा कार्यालयाचं नाही, आणि नाव लिहिलं की मजकूर बाजूला राहतो आणि खुलासा मागवला जातो, एवढा अनुभव गाठीशी आहे.

मुद्दा आधीच सांगून टाकते. तुमच्या तक्त्यात एका मुलासाठी एकच खूण असते: अक्षर, शब्द, वाक्य, उतारा यांपैकी ते कुठे पोचलं आहे. माझ्या वर्गात त्या एका खुणेखाली दोन निरनिराळ्या अडचणी झाकल्या जातात. काही मुलांना अक्षरं जुळवता येत नाहीत. काहींना ती नीट जुळवता येतात, पण जुळवून जो शब्द होतो तो त्यांच्या कानावरून कधी गेलेलाच नसतो. पहिल्यांना अक्षरांचा सराव हवा. दुसऱ्यांना मराठीत बोलणारं, ऐकून घेणारं माणूस हवं. दोघांच्याही नावापुढे 'शब्दस्तर' लागतं आणि दोघांनाही सरावाच्या त्याच पत्रिका येतात.

वर्गात कोण बसतं ते सांगते. आमचा भाग महापालिकेच्या हद्दीत अलीकडे आलेल्या गावांच्या पट्ट्यातला. शाळेच्या तिन्ही बाजूंना टॉवर उभे राहतायत. मूळ गावातल्या घरांतली मुलं आता वर्गात थोडीच. बरीचशी इंग्रजी शाळेच्या पिवळ्या बसमध्ये चढतात. उरलेला वर्ग लेबर कॅम्पच्या पत्र्याच्या खोल्यांतून आणि वस्तीतून येतो. बिदर-कलबुर्गीकडची कन्नड बोलणारी मुलं आहेत, नांदेड-लातूरकडची आहेत, तांड्यावरून आलेली आणि घरी गोरमाटी ही बंजाऱ्यांची बोली बोलणारी आहेत. भोजपुरी आहे, छत्तीसगढी आहे, दखनी आहे, वॉचमनची नेपाळी बोलणारी मुलगी आहे. या सगळ्यांना मराठी शाळेत घातलं, कारण ती चालत जाण्याच्या अंतरावर आहे, तिथे पैसे लागत नाहीत आणि दुपारी खिचडी मिळते. भाषेचा विचार कुणी केलेला नाही, आणि त्यांनी तो करावा अशी अपेक्षा ठेवणंही मला पटत नाही.

पुण्याला हे नवं नाही. सेनापती बापट रस्त्यावर बालभारतीची इमारत आहे आणि तिथून चालत जाता येईल इतक्या अंतरावर वडारवाडी आहे. राज्यभरातल्या मुलांचं पहिलीचं पुस्तक जिथे घडतं, त्याच्या शेजारच्या वस्तीतल्या कित्येक घरांची वडारी बोली तेलुगूच्या नात्यातली. पुस्तक करणाऱ्यांना हे ठाऊक नाही असं मी म्हणत नाही. नकाशावरचं ते अंतर मात्र मला नेहमी गमतीचं वाटतं.

२०२५ मध्ये पहिलीपासून तिसरी भाषा असावी की नसावी यावरून राज्यभर रणकंदन झालं. एप्रिलमध्ये शासन निर्णय आला, जूनमध्ये सुधारून आला, जूनअखेर दोन्ही रद्द झाले. बाजू कुठलीही असो, त्या सगळ्या गदारोळात एक साधा प्रश्न कुणी विचारल्याचं मला आठवत नाही: पहिलीच्या वर्गात आज मुळात किती भाषा बसलेल्या आहेत? आमच्याकडे तिसरी भाषा कधीच आलेली आहे. कुठे चौथी, कुठे सातवी.

आता पडताळणीबद्दल. दुसरीतल्या एका मुलासमोर उतारा ठेवला. मुलगा बिहारचा. वाक्य होतं, 'शाळेला सुट्टी मिळाली.' त्याने वाचलं, 'शालेला छुट्टी मिलाली.' तक्त्यात तीन शब्द चुकले. त्याच्यानंतर आलेल्या मुलीने तोच उतारा वेळेच्या आत, न अडखळता, एका सुरात वाचून काढला. ती पास. तपासणारे गृहस्थ चांगले होते, मुलांशी गोड बोलत होते, सांगितलेलं काम त्यांनी सांगितल्याप्रमाणे केलं. त्यांच्याबद्दल तक्रार नाही. ते गेल्यावर मी दोघांना विचारलं, गोष्टीत काय झालं? मुलाने हिंदीत सगळं सांगितलं, वर 'हमारे यहाँ तो बारिश में भी छुट्टी होती है' अशी भरही घातली. मुलगी माझ्याकडे बघत राहिली. तिच्या घरी कन्नड. अक्षरं तिला पक्की येतात, कारण ती हुशार आहे आणि तिचा दादा चौथीत आहे. पण 'सुट्टी' आणि 'मिळाली' हे तिच्यासाठी नुसते आवाज होते.

यातलं वाचन कुणी केलं?

'सुट्टी'च्या जागी 'छुट्टी' वाचणारं मूल छापलेल्या शब्दापाशी पोचलेलं असतं, त्याचा अर्थ त्याने पकडलेला असतो आणि तो स्वतःच्या भाषेत बोलून दाखवलेला असतो. केनेथ गुडमन या अमेरिकन अभ्यासकाने १९६० च्या दशकातच मुलांच्या अशा वाचनचुका गोळा करून त्यांची उकल केली होती. अर्थ सांभाळून केलेली चूक आणि अर्थ सांडून केलेली चूक यांत फरक करायला हवा, ही गोष्ट तेव्हापासून जगाला माहीत आहे. आपल्या तक्त्यात मात्र दोन्हींना फुलीच.

ळ चं तर काय सांगावं. हिंदी पट्ट्यातल्या मुलाच्या तोंडात ळ नाही, त्याचा ल होतो. कन्नड मुलीला ळ सहज येतो, पण तिचा भ पुष्कळदा ब होतो आणि ख चा क. भोजपुरी मुलगा 'ज्ञ' चा उच्चार 'ग्य' करतो. 'चाक' मधला च आणि 'चंद्र' मधला च आपण वेगळे उच्चारतो, पण लिहितो एकाच अक्षराने; घरात मराठी ऐकलेलं मूल हे नकळत शिकतं, बाकीच्यांना ते कोण सांगणार? 'जागा' आणि 'जीव' चं तेच. हा घोळ लिपीनेच घातलेला आहे.

आणि हे फक्त परप्रांतातून आलेल्यांचं आहे असं कुणी समजू नये. 'पाणी' ला 'पानी' म्हणणारी मुलं मराठवाड्यातून येतात, विदर्भातून येतात, आमच्याच जिल्ह्यातल्या कित्येक घरांतून येतात. त्यांची भाषा मराठीच. पुण्यात न आणि ण यांवरून माणसाची जात-पात, गाव, ऐपत जोखायची जुनी खोड आहे, आणि सहा वर्षांच्या मुलाचं वाचन ऐकताना ती खोड आपल्या कानात बसलेली असते, हे आपण एकमेकांत तरी मान्य करायला हरकत नाही. लिहिताना 'पाणी' असं लिहायचं, हे मी दुसरीत शिकवतेच. पण वाचून दाखवताना मूल 'पानी' म्हणालं म्हणून त्याला तो शब्द वाचता आला नाही असं लिहिणं खोटं आहे.

आता वेगाकडे येते. निपुण भारत या केंद्राच्या पायाभूत शिक्षण मोहिमेच्या उद्दिष्टांत दुसरीच्या मुलाने मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीच्या मुलाने किमान ६० शब्द समजून वाचावेत असं म्हटलं आहे. 'समजून' हा शब्द तिथे आहे, तो वर्गापर्यंत येताना गळतो. घड्याळ मात्र येतं. शिवाय शब्द म्हणजे काय? मराठीत आपण म्हणतो, 'घरासमोरच्या झाडाखाली'. दोन शब्द. हिंदीत तेच 'घर के सामने वाले पेड़ के नीचे'. सात शब्द. हिंदी वाचणाऱ्या मुलाला तेरा अक्षरांत सात शब्दांचं श्रेय मिळतं, मराठी वाचणाऱ्याला दहा अक्षरांत दोनच. एनसीईआरटीने २०२२ च्या पायाभूत अध्ययन अभ्यासात भाषेगणिक वेगळे निकष काढले ते काही उगीच नव्हे. तरीही आमच्याकडे प्रशिक्षणात पडद्यावर एकच आकडा झळकतो आणि सगळे तो वहीत उतरवून घेतात.

त्याच लांबलचक शब्दांमुळे आणखी एक गोष्ट होते. आपण जोडाक्षरं शेवटी शिकवायची म्हणतो, पण मराठीत जोडाक्षराशिवाय चार वाक्यं बोलून दाखवा. घोडा आहे तोवर ठीक. त्याच्यावर बसायचं म्हटलं की 'घोड्यावर' आलं. पाणी सोपं, 'पाण्यात' अवघड. 'माझ्या' हा शब्द तर मूल बालवाडीपासून दिवसातून पन्नास वेळा वापरतं. ज्याच्या घरी मराठी आहे त्याला 'घोड्या' मध्ये घोडा दिसतो. ज्याने 'घोडा' हा शब्द काल चित्रावर बोट ठेवून पाठ केला, त्याला 'घोड्यावर' हा संपूर्ण नवा शब्द वाटतो. तो थांबतो. तुम्ही लिहिता, जोडाक्षर येत नाही.

अक्षरं शिकवू नयेत, मुलं आपोआप वाचायला लागतील, असलं काही मी म्हणत नाही. तसं म्हणणारे अधूनमधून शिबिरांत भेटतात, आणि त्यांनी पहिलीच्या भरलेल्या वर्गात एक जून काढावा असं मला वाटतं. देवनागरीत ३४ व्यंजनं, त्यांना बाराखडीची चिन्हं लावली की चारशेच्या वर आकृत्या होतात. पहिली वेलांटी लिहायची आधी आणि उच्चारायची नंतर. हे शिकवावंच लागतं, क्रमाने आणि रोज. अ पासून ज्ञ पर्यंत ओळीने जाण्याचा हट्ट आता बहुतेकांनी सोडला आहे. क, म, न, र, ल अशा चार-पाच अक्षरांना काना लावला की लगेच काम, नाक, मामा, माकाम असे खरे-खोटे शब्द करता येतात आणि मुलं हसत-खेळत जुळवायला शिकतात. खोटे शब्दसुद्धा कामाचे असतात. जुळवणी खरंच जमते का ते त्यांतच कळतं.

पण जुळवणी म्हणजे वाचन नव्हे, आणि यावर आपल्याच राज्यात काम झालेलं आहे. पालघर जिल्ह्यातल्या वाडा तालुक्यात आणि कर्नाटकातल्या यादगीरमध्ये मराठी व कन्नड वाचन-लेखनाचा तीन वर्षं पाठपुरावा करणारा अभ्यास झाला. त्याचा अहवाल २०१७ मध्ये आला. वर्गातला बहुतेक वेळ अक्षरांत जातो, अर्थाला आणि मुलांच्या स्वतःच्या लिहिण्याला फार थोडा मिळतो, आणि इतकं करूनही अक्षरं कित्येकांची पक्की होत नाहीत, असं चित्र त्यात होतं. फलटणला मॅक्सिन बर्नसन यांनी आधी तिथल्या माणसांच्या बोलण्यातले भेद भाषावैज्ञानिकाच्या नजरेने अभ्यासले आणि मग मुलांना वाचायला शिकवण्याच्या कामाला हात घातला. हा क्रम मला फार शहाणपणाचा वाटतो: आधी मूल कसं बोलतं ते ऐका. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं तेव्हा बालवाडी मुलांच्या अंगणात नेली. आम्हाला अंगणात जायची गरज नाही, अंगण वर्गात आलेलं आहे. त्याला आत घ्यायचं की नाही एवढंच ठरवायचं आहे.

'असर' या सर्वेक्षणाच्या २०२४ च्या अहवालात देशातल्या ग्रामीण सरकारी शाळांमधली तिसरीची २३.४ टक्के मुलं दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकली. हा आकडा तुम्ही बैठकांत नेहमी सांगता. ते सर्वेक्षण गावांचं असतं. लेबर कॅम्पमधली माझी मुलं त्यात नसतात, कारण ती पुणे शहरात राहतात. आणि त्यांच्या गावी ती सापडत नाहीत, कारण ती पुणे शहरात राहतात.

मी वर्गात काय करते तेही सांगते. त्याशिवाय या पत्राला तुम्ही नुसती कुरकुर म्हणाल.

रोज सकाळी गप्पा होतात, आणि एका मुलाचं एक वाक्य फळ्यावर जातं. मूल त्याच्या भाषेत सांगतं, ज्यांना कळतं ती बाकीची मुलं मदत करतात, आम्ही मिळून ते मराठीत आणतो आणि त्याच्या नावासह लिहितो. जूनमधलं एक वाक्य होतं, 'आज स्लॅब आहे, मम्मी रात्री येणार.' स्लॅब हा शब्द पाहा. जोडाक्षर आहे, वर ॲ चं चिन्ह आहे. आपल्या क्रमाने गेलं तर तो यायला वर्ष लागेल. आमच्या वर्गात तो जवळजवळ सगळ्यांना आठवड्याभरात वाचता यायला लागला. कन्नड, गोरमाटी, भोजपुरी, घर कुठलंही असो, स्लॅब सगळ्यांकडे स्लॅबच असतो, आणि स्लॅब म्हणजे आई उशिरा येणार हेही सगळ्यांना माहीत असतं. सेंट्रिंग, पत्रा, टँकर, लिफ्ट, चार्जर, पगार, मोबाइल ही माझ्या वर्गाची समाईक भाषा आहे. कुठल्या समितीने ती ठरवलेली नाही. पहिल्या महिन्यात वाचायचे शब्द मी त्यातूनच घेते.

मुळाक्षरांच्या जुन्या तक्त्यावर 'ई ईडलिंबूचा' असायचा. ईडलिंबू आम्हीही कधी पाहिलं नव्हतं, तरी शिकलोच ना, असं माझे ज्येष्ठ सहकारी म्हणतात. शिकलो खरं. पण लिंबू घरात होतं, आजी होती, रात्री मराठीत गोष्ट होती. एका न पाहिलेल्या फळाने आपलं काही अडलं नाही. या मुलांच्या उताऱ्यात एका ओळीत विहीर, ओसरी, गोठा आणि पारंब्या येतात. ती बांधकाम चालू असलेल्या इमारतीच्या सावलीत राहतात. चित्र नाही, गप्पा नाहीत, थेट घड्याळ.

गोष्ट मी दोनदा वाचते. आधी चौथीतला कुणी ताई-दादा ती गोष्ट त्याच्या भाषेत सांगतो, चित्रं दाखवत. मग मी मराठीत वाचते. मुलांना काय होणार ते माहीत असतं, त्यामुळे कान शब्दांकडे लागतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर २०१५ पासून एकच चित्रगोष्ट अनेक भारतीय भाषांत फुकट वाचायला मिळते. कन्नड छापील प्रत मी वाचू शकत नाही, पण कन्नड वाचता येणाऱ्या एका आईने फोनवर वाचून आवाज पाठवला आणि वर्गात तो आम्ही सगळ्यांनी ऐकला. त्या दिवशी ती कन्नड मुलगी किती बोलली! बाकीची मुलं तिला शब्द विचारत होती.

आणि लिहायला मी पहिल्याच महिन्यात लावते, येईल तसं. 'आइ कमला गलि' असं कुणी लिहिलं तर मला त्यातून तुमच्या पत्रिकेपेक्षा जास्त कळतं: व्यंजनं जागेवर आहेत, क्रम बरोबर आहे, काना आणि मात्रा अजून सुटतायत, आणि मुख्य म्हणजे त्याला काहीतरी सांगायचं आहे. मी लाल शाई वापरत नाही. तुमच्यापैकी एका मॅडमनी वह्या बघून 'तपासलेल्या नाहीत' असा शेरा दिला होता. असो.

आता तुमचे आक्षेप. मी ते प्रशिक्षणांत ऐकलेले आहेत.

एका बाईला इतक्या भाषा कशा येणार? येणार नाहीतच, आणि यायची गरजही नाही. मुलाला त्याची भाषा बोलू देण्यासाठी मला ती बोलता यावी लागत नाही. मोडकी हिंदी, दखनी आणि वरच्या वर्गांतली भावंडं यांच्यावर बरंच निभतं. पण सगळं नाही, हेही खरं. ओडिशाहून आलेलं एक मूल होतं. अख्ख्या शाळेत त्याची भाषा कुणाला कळत नव्हती. आई-बाप दोघंही साइटवर, घरी परततात तेव्हा शाळा बंद. ते मूल बरेच दिवस गप्प बसून होतं आणि मग त्यांचं काम संपलं, कुटुंब निघून गेलं. त्याच्यासाठी काय करायला हवं होतं ते मला आजही नीट सांगता येणार नाही. अशा वेळी वस्तीतली एखादी बाई रोज दोन तास मानधनावर वर्गात बसली तर किती फरक पडेल, एवढं मात्र सांगता येईल. पुण्यात वस्तीत आणि बांधकामांवर मुलांना शिकवणाऱ्या संस्था आहेत, डोअर स्टेप स्कूलचं काम तर दशकांचं आहे. त्यांच्याकडे अशा बायका तयार आहेत. शाळेच्या दारातून त्यांना आत घ्यायला कागद लागतो, तो तुमच्याकडे आहे.

दुसरा आक्षेप पालकांचा, तो तुम्ही आमच्याकडे पोचवता: मुलाला मराठी आणि इंग्रजी शिकायला पाठवलंय, घरची भाषा घरी आहेच. पालक बरोबर बोलतात. मलाही त्यांनी मराठीच शिकायला हवी आहे. आजवर जेवढं पाहिलं त्यात, पहिले तीन-चार महिने घरच्या भाषेत बोलू दिलेली मुलं दिवाळीनंतर मराठीतही बोलायला लागतात, आणि ज्यांना पहिल्या दिवसापासून 'मराठीत बोल' म्हणून गप्प केलं ती दुसरीतही मान हलवून उत्तर देतात. पालकांना हे भाषणातून पटत नाही. मुलाचं फळ्यावरचं वाक्य दाखवलं की पटतं.

तिसरा, वेळ नाही. हा आक्षेप मला समजतो, कारण वेळ खरंच नाही. पण तो खातं कोण? २०२१ मध्ये विद्या प्रवेश नावाचा तीन महिन्यांचा खेळांचा कार्यक्रम पहिलीत आलेल्या मुलांसाठीच आखला गेला. तो चालू असतानाच पायाभूत चाचणीची तयारी करा असा निरोप येतो. मग खेळ कागदावर होतात.

खरं तर मी तुमच्याकडे तुमच्याच कागदांत नसलेलं काहीही मागत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये शिक्षणाचं माध्यम शक्यतो मुलाची मातृभाषा असावं असं लिहिलं आहे. राज्यघटनेच्या ३५०-अ अनुच्छेदात प्राथमिक पातळीवर मातृभाषेतून शिक्षणाची सोय करण्याबद्दल लिहिलं आहे. २०२२ चा पायाभूत स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा घरच्या भाषेवरच उभा आहे. सगळ्या भाषांच्या शाळा काढा असं म्हणणं वेडेपणाचं ठरेल. एका तपासणीत थोडी जागा करा, एवढंच म्हणते.

उच्चारातला फरक चुकांत धरू नका. ळ-ल, ण-न, च चे दोन उच्चार यांची वेगळी नोंद हवी तर घ्या, पण गुण कापू नका. उतारा संपला की दोन प्रश्न विचारा आणि उत्तर कुठल्याही भाषेत चालेल असं मुलाला आधीच सांगा. ती भाषा तुम्हाला येत नसेल तर वर्गातलं दुसरं मूल सांगेल, ते तयारच असतं. पहिलीला दिवाळीपर्यंत घड्याळ लावू नका. त्याऐवजी एक चित्र समोर ठेवून मूल किती बोलतं, काय विचारतं ते ऐका. आणि उतारे काढणाऱ्यांना एकदा आमच्या भागात घेऊन या. चार उताऱ्यांत एखाद्यात तरी टँकर येऊ द्या.

स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड असतं. मूल दुसऱ्या शाळेत गेलं की ते दाखवून प्रवेश मिळावा म्हणून. आमच्याकडे दिवाळीनंतर वीटभट्टीवरची मुलं येतात आणि स्लॅब संपले की कॅम्पवरची जातात, त्यामुळे वर्षातून दोनदा वर्ग नव्याने भरतो. त्या कार्डावर घरची भाषा आणि 'ऐकून मराठी किती कळते' एवढी एक ओळ असती, तर पुढच्या बाईंचा महिना वाचला असता. तिला पहिल्या दिवशी फक्त इयत्ता कळते.

जनरल रजिस्टरात मातृभाषेचा रकाना पूर्वीपासून आहे. दाखल्यावर येतो, ऑनलाइन माहितीतही भरावा लागतो. आमच्याकडे तिथे एक तर मराठी असतं, नाही तर हिंदी. गोरमाटी बोलणारं मूल हिंदी, भोजपुरी बोलणारं हिंदी, वॉचमनची नेपाळी मुलगीही हिंदी. यात शाळेला तरी काय दोष द्यायचा. २०११ च्या जनगणनेनेही भोजपुरी, छत्तीसगढी आणि लमाणी (म्हणजे गोरमाटीच) हिंदीच्याच खात्यात मांडल्या. पण जनगणनेला मुलाला वाचायला शिकवायचं नसतं. आम्हाला असतं. प्रवेशाच्या वेळी आईला 'घरी मुलाशी काय बोलता, जरा बोलून दाखवा' एवढं विचारायला दोन मिनिटं लागतात. मी या वर्षी विचारलं. रजिस्टरात बदल करायचा मला अधिकार नाही, म्हणून माझ्या वहीत लिहून ठेवलं आहे. तुम्ही याल तेव्हा दाखवीन.

पुढच्या पडताळणीचा तक्ता अजून छापायला गेला नसेल, तर त्यात दोन रकाने वाढवता येतील: घरची भाषा, आणि अर्थ कुठल्या भाषेत सांगितला. छापून झाला असेल, तर हे दोन्ही शेऱ्याच्या रकान्यात लिहायला परवानगी द्या. तो तसाही कोराच जातो.

कळावे,
आपली,
पहिली-दुसरीची एक शिक्षिका,
पुणे